न आवळलेला नट

मित्रांनो, मी एक जुनी लेडीज सायकल आहे आणि स्वभावाने मत्सरी आहे. जुनेपणाची मला लाज वाटत नाही. मत्सराची वाटते, म्हणून तो आधीच सांगून टाकते. गोष्ट अर्ध्यावर आल्यावर तुम्हाला तो कळला असता, तर पुढचं माझं काही तुम्ही खरं मानलं नसतं.

माझा जन्म राजापूरचा. तिथे एसटी स्टँडच्या खालच्या अंगाला शिवा मिस्त्रींचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी कारखान्यातून सबंध तयार होऊन आले नाही. मिस्त्रींनी मला वेचून वेचून जमवलं. सांगाडा कोल्हापूरहून आणला, चाकांच्या रिंगा एका ठिकाणच्या घेतल्या, पायडल दुसरीकडचे. साखळी तर त्यांनी तीनदा बदलली, कारण प्रत्येक वेळी हात फिरवून ते म्हणायचे, "ही नाही." मडगार्ड मात्र दुकानातलं सगळ्यात रुंद, जाड पत्र्याचं घातलं. हे सगळं त्यांच्या मुलीसाठी, कुसुमसाठी चाललं होतं. कुसुम लहानपणापासून वडिलांशेजारी बसून त्यांना पाने पुढे करायची. सोळाव्या वर्षी ती नुसत्या बोटांनी चाकाचा बाक ओळखायची.

तिचं लग्न झालं आणि आठव्या दिवशी मी एसटीच्या टपावर दोरीने बांधलेली अशी भाट्याला आले. भाट्ये म्हणजे रत्नागिरीला लागूनच, खाडीच्या पुलापलीकडे. नवी नवरी सायकल घेऊन सासरी आली म्हणून चार बायका बघायला जमल्या होत्या. त्या दिवशी मला जेवढं न्याहाळलं गेलं, तेवढं पुन्हा कधी नाही.

वर्षभरात कुसुमला शहरातल्या एका लॅबमध्ये नोकरी लागली. सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणायचे. पहाटे साडेपाचला ती मला पडवीतून खाली उतरवायची, पुढच्या बास्केटमध्ये तिची पेटी ठेवायची आणि आम्ही पुलावर यायचो. खाडीवरचा वारा आडवा असतो. तो तुम्हाला ढकलत नाही, कलंडवतो. तेवीस वर्षं आम्ही तो वारा अंगावर घेतला. पलीकडे कुणी ना कुणी उपाशीपोटी आमची वाट बघत असायचं. माझ्या स्टँडचा आवाज झाला की आतून हाक यायची, "आल्या हो लॅबवाल्या बाई! चहा टाका आता." रस्त्यात कितीही चिखल असला तरी माझ्या मडगार्डमुळे कुसुमच्या पांढऱ्या सलवारीवर एक थेंब उडायचा नाही. याचा मला गर्व होता. दर रविवारी ती मला पुसायची, साखळीला तेल घालायची, एकेक नट पान्याने चाचपून बघायची. त्या हातांवर माझा हक्क आहे असं मी धरून चालले होते.

मग गेल्या वर्षी मे महिन्यात स्वानंदी आली.

स्वानंदी ही कुसुमची धाकटी जाऊ. कुसुमचे यजमान भास्कर, त्यांचा भाऊ शौनक, आणि शौनकची ही बायको. ती दोघं पुण्याला असायची. शौनकला जयगडच्या बंदरावर नोकरी मिळाली आणि ती भाट्याच्या घरी राहायला आली. स्वानंदी एका कंपनीचं काम घरूनच संगणकावर करायची. टेम्पोतून सामान उतरलं, त्यात सगळ्यात शेवटी, गोधडीत गुंडाळलेली, ती उतरली.

आकाशी निळी. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. टायर इतके बारीक की मला वाटलं, ही लहान मुलाची असेल. अंगावर ना कॅरिअर, ना स्टँड, ना मडगार्ड. तिला भिंतीला टेकवून उभं करावं लागायचं. रोड बाइक म्हणतात त्या जातीला. कुसुमने सहज म्हणून तिला उचलून बघितलं, तर ती दोन बोटांवर आली.

"अगो, किती हलकी ही!" कुसुम म्हणाली.

तेवीस वर्षं ती मला पडवीच्या तीन पायऱ्या चढवत होती. कधी 'जड आहेस' म्हणाली नव्हती. त्या दिवशीही मला काही बोलली नाही. पण त्या 'किती हलकी'मध्ये माझं सगळं वजन आलं.

मी जळायला लागले ते तेव्हापासून.

आणि मी एकटी जळत नव्हते, मित्रांनो. स्वानंदी शहरातल्या सायकल क्लबात जायला लागली. ऑक्टोबरात तिने एका दिवसात दोनशे किलोमीटर सायकल चालवली. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, खाली 'रत्नागिरीच्या सायकलपटू' असं छापलेलं. भास्करनी ते पान पडवीत आल्यागेल्याला दाखवलं. यंदा जूनमध्येही ते चालूच होतं. एका सकाळी शेजारचे आंबा बागायतदार बसले होते, त्यांना ते सांगत होते, "आमच्या घरात सायकल कधी कुणी चालवली नाही बघा. हिनेच नाव काढलंन."

नेमकी त्याच वेळी कुसुम कामावरून परत येऊन माझा स्टँड लावत होती. ओढणीने तिने कपाळ पुसलं. बागायतदारांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि घाईघाईने पाऊसपाण्याचं विचारलं. भास्करना काहीच कळलं नाही. ते वाईट माणूस नव्हेत. त्यांच्या लेखी कुसुम कामाला जात होती. सायकल चालवत होती ती स्वानंदी.

त्या रविवारी कुसुमने मला तेल घातलं नाही. पुढच्याही नाही. मला वाटलं, तिचं मन उडालं माझ्यावरून. आता कळतं, माझ्याकडे बघितलं की तिला ते वाक्य आठवत असणार.

जुलै आला. क्लबाने एका रविवारी आरे-वारेच्या समुद्राकाठच्या रस्त्याने जयगडला जायचं ठरवलं. नियम एकच होता. मडगार्डशिवाय कुणी यायचं नाही, आणि मागच्या मडगार्डला लांब पट्टी हवी. स्वानंदी पुण्याची, तिला हे नवीन होतं. ती पडवीत कुसुमला म्हणाली, "वहिनी, मला पाण्यात भिजायचं काही वाटत नाही. मग सक्ती कशाला?"

"तुझ्यासाठी नाही गो ती," कुसुम तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "तुझ्या मागच्या चाकाचं पाणी तुझ्या मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातं. त्याला खड्डा दिसत नाही. मडगार्ड त्याच्यासाठी."

स्वानंदीने आधी प्लॅस्टिकची, नुसती अडकवायची मडगार्डं मागवली. पहिल्याच खड्ड्यात ती गळून पडली. मग तिने चांगली मागवली, तर ती रुंद निघाली. शेवटी ती खोकं घेऊन कुसुमसमोर बसली. "वहिनी, तुम्हीच बघा ना. मला यातलं ओ का ठो कळत नाही."

कुसुमने नाही म्हणायला हवं होतं, असं मला वाटत होतं. पण मिस्त्रींची मुलगी ती. तिने चष्मा चढवला, निळीला उलटी करून हँडल आणि सीटवर उभी केली आणि टायर व ब्रेकच्या मधल्या फटीत पेन्सिल घालून बघितली. पेन्सिल गेली नाही.

"टायरच जाडा आहे तुझा. याहून एक नंबर बारीक घे, मग वर पत्र्याला जागा होईल. आणि मडगार्ड अरुंद हवं. हे बघ, हिच्या चिमट्याला स्क्रूची भोकंच नाहीत."

चिमटा म्हणजे पुढचं चाक ज्यात धरलेलं असतं ते दोन पाय. माझ्या चिमट्याला भोकं आहेत. त्या क्षणी मला फार बरं वाटलं. म्हटलं, बसत नाही म्हणजे नाहीच बसत. प्रत्येकाला सगळं मिळत नसतं.

पण कुसुमने चिमट्याभोवती आवळायच्या, आतून रबर लावलेल्या पट्ट्या शोधून काढल्या. त्यानंतर आठवडाभर संध्याकाळी दोघी जावा एका फोनवर डोकी जोडून बसायच्या. ब्रेकला कुठले रबर घ्यावेत, जे पावसातही धरतील. मागे दात्यांचं मोठं चक्र घातलं तर आरेचा चढ बसून चढवता येईल का. "चक्र मोठं घेत्येस तर साखळी पण लांब लागेल हां. ती जुनीच ठेवलीस तर ओढली जाईल आणि तुटेल," कुसुम सांगायची. तिचा आवाज खुलायचा. मला तो आवाज राजापूरच्या दुकानातला आठवायचा. आणि माझी साखळी महिनाभर कोरडी होती, कुसुम पायडल मारायची तेव्हा ती चिरकत होती आणि ते तिला ऐकू येत नव्हतं.

सगळं सामान आलं. राइडच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी जेवणं उरकून कुसुमने पडवीत गोणपाट पसरलं. मी चार हातांवर उभी होते. मी सगळं पाहिलं.

काय हात चालले तिचे! टायर बदलले. मडगार्डला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा मापून करवतीने कापल्या, टोकं कानशीने घासून गोल केली. हँडल पूर्ण वळवलं तर स्वानंदीच्या बुटाचं टोक पुढच्या मडगार्डला लागत होतं, म्हणून तिने मडगार्ड बोटभर वर सरकवून पुन्हा बसवलं. मागची लांब पट्टी तिने तेलाच्या रिकाम्या डब्यातून कापली. चाक फिरवून ती वाकून बघायची, सगळीकडे सारखी फट आहे ना. तीन तास गेले. घाम तिच्या हनुवटीवरून निळीच्या अंगावर पडत होता. माझ्या वाटणीचा घाम होता तो.

शेवटी पुढच्या मडगार्डच्या उजव्या तारेचा एकच नट राहिला. कुसुमने तो बोटांनी फिरवून बसवला आणि पान्यासाठी हात मागे केला. तेवढ्यात स्वानंदीने फोन समोर धरला. ती त्यात बघून हसत बोलायला लागली.

"हाय मंडळी! फायनली! रोड बाइकला मडगार्ड बसत नाहीत म्हणतात ना? हे बघा, बसवले मी!"

फोन निळीच्या पुढच्या चाकावरून मागच्या चाकावर गेला. मधे कुसुमचा तेलकट हात आला असता, तो तिने स्वतःच मागे घेतला.

तिने पाना गोणपाटावर ठेवला. हात पुसले. "चहा टाकत्ये," म्हणाली आणि आत गेली.

स्वानंदीने सामान आवरलं. पाने पेटीत गेले. नट तसाच राहिला, बोटांनी फिरवलेला.

तोपर्यंत ती नुसती विसरली होती, हे मी शपथेवर सांगते. पण संध्याकाळी दिवेलागणीला कुसुम तुळशीपाशी दिवा ठेवून परत येत होती, तेव्हा पायरीवर एकदम थबकली. निळीच्या पुढच्या चाकाकडे तिने बघितलं. तिला आठवलं होतं. पेटी तिच्या हातापासून दोन पावलांवर होती. पाना काढून तो नट आवळायला एक मिनिटही लागलं नसतं.

आतून भास्करचा आवाज आला, "अगो कुसुम, ये, बघ! स्वानंदीच्या व्हिडिओला किती लोकांनी वा वा केलीय."

कुसुमने ओठ घट्ट मिटले. ती आत गेली.

मित्रांनो, सैल नट म्हणजे काय हे मला पुरतं ठाऊक होतं. खड्ड्याखड्ड्याने तो सुटत जातो. मग तार चाकात शिरते, मडगार्ड दुमडून टायरखाली जातं आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबतं. चाक थांबलं तरी माणूस थांबत नाही. तो हँडलवरून पुढे फेकला जातो. हे सगळं मला माहीत असूनही माझ्या मनात काय आलं, ते सांगते. मला वाटलं, होऊ दे. एकदा तिचं वाकडं होऊ दे, म्हणजे कळेल सगळ्यांना. स्वानंदी तिच्यावर बसलेली असणार, हे मी मनात येऊच दिलं नाही. मत्सर असाच विचार करतो. त्याला जे बघायचं नसतं ते तो बघत नाही.

रविवारी सहालाच स्वानंदी निघून गेली. पाऊस बारीक होता. साडेसहाला कुसुम पडवीत आली तेव्हा भिंतीला निळी नव्हती, तिच्या चाकाची एक ओली रेघ तेवढी पायऱ्यांवर होती. कुसुम त्या रेघेकडे बघत उभी राहिली. मग तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

तिने पेटीतून पाना काढला, कमरेला खोचला आणि मला पायऱ्यांवरून अक्षरशः फेकल्यासारखी खाली घेतली.

"आज रविवारी कुठे?" भास्करनी खिडकीतून विचारलं.

"येत्ये," एवढंच म्हणाली.

अशी मला तिने कधीच चालवली नव्हती. पुलावर वारा आडवा होता, त्याच्याकडे तिने लक्षच दिलं नाही. शहर मागे पडलं. शिरगावच्या पुढे माझी साखळी उतरली. कोरडी होती ना! कुसुम चिखलात बसली, बोटांनी साखळी चढवली, काळे हात तसेच मुठीला लावून पुन्हा निघाली. "चल गो बाय, चल," ती मला म्हणत होती. महिनाभरानंतर ती माझ्याशी बोलत होती, आणि ते दुसरीसाठी होतं. तरीही मी चालले. खरं सांगायचं तर साखरतरच्या पुलावर मला पहिल्यांदा भीती वाटली. पुलावरच्या सांध्यांवरून माझी चाकं दणादण आपटत होती आणि प्रत्येक दणक्याला मला तो नट अर्धा फेरा सुटताना दिसत होता. तोवर मला फक्त निळी दिसत होती. आता तिच्यावर बसलेली स्वानंदीही दिसायला लागली.

काळबादेवी गेलं. रस्त्यात कुठे गर्दी जमलेली दिसली की कुसुम ब्रेक दाबून वाकून बघायची. एका ठिकाणी नुसते मासे विकणारे होते.

आरेत, चढ सुरू होण्याआधी, एका टपरीपाशी आठ-दहा रंगीत सायकली उभ्या होत्या. कुणाचं तरी चाक वाटेत पंक्चर झालं होतं, म्हणून त्यांना उशीर झाला होता आणि आता चहा चालला होता. निळी कठड्याला टेकवलेली होती. उभी होती. धड होती.

क्लबाचा म्होरक्या दर्शन पुढे आला. "काय झालं मावशी? काही हवंय का?"

स्वानंदी चहाचा ग्लास तसाच हातात घेऊन धावत आली. "वहिनी! घरी काही झालं का? शौनक ठीक आहे ना?"

कुसुमने मान हलवली, निळीच्या पुढच्या चाकापाशी गुडघे टेकले आणि तारेला हात लावला. नट नव्हताच. कधीच पडून गेला होता. नुसता बोल्ट भोकात लोंबत होता, आणि तार स्पोकपासून करंगळीएवढ्या अंतरावर आली होती.

स्वानंदी वाकून बघत होती. "अरे बापरे. रस्त्यात पडला वाटतं. तुम्हाला कसं कळलं?"

इथे कुसुम गप्प बसू शकली असती. मन शंकलं म्हणून आले, असं म्हणाली असती तर सगळ्यांनी तिचे पायच धरले असते. मी वाट बघत होते, ती काय म्हणते याची.

"पडला नाही," कुसुम म्हणाली. "मी आवळलाच नव्हता."

"विसरलात?"

"आधी विसरले. मग संध्याकाळी आठवलं. पाना तिथेच होता. तरी आवळला नाही."

स्वानंदीने इकडे तिकडे बघितलं. बाकीची मंडळी टपरीपाशी होती. तिने आवाज खाली आणला. "का?"

"तू त्या फोनमध्ये म्हणालीस, मी बसवले."

"त्यासाठी?" स्वानंदीचा चेहरा पांढरा पडला. "वहिनी, हा चढ संपला की पुढे उतार आहे. खाली समुद्र आहे."

"माहीत आहे."

"मी मेले असते."

"हो," कुसुम म्हणाली. तिने मान वर केली नाही. "म्हणून आले."

स्वानंदी कठड्यावर बसली. दर्शनने लांबून विचारलं, "आम्ही होऊ का पुढे?" तिने हातानेच थांबायला सांगितलं.

कुसुमकडे जादा नट नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पुढच्या मडगार्डच्या तारेचा बोल्ट आणि नट दोन्ही सोडवले. मिस्त्रींनी बसवलेला तो बोल्ट, इतक्या वर्षांत जागचा न हललेला. काढताना तो कुरकुरला. तिने तो निळीच्या तारेत घातला, एका हाताने धरला आणि पान्याने आवळला. मग बाकीचेही सगळे नट एकेक करून तपासले. माझी सुटलेली तार तिने बास्केटच्या तळाशी पडलेल्या, नमुने घेताना दंडाला बांधायच्या रबरी पट्टीने बांधून टाकली.

"आता जा. हलवून बघ आधी," ती म्हणाली.

स्वानंदीने मडगार्ड हलवून बघितलं. दोनदा बघितलं. मग सायकलवर बसली आणि सगळ्यांबरोबर चढाला लागली. नवं मोठं चक्र घातलेलं होतं, ती बसूनच चढली. कुसुम वळणापर्यंत बघत राहिली. मग आम्ही दोघी हळूहळू घरी आलो.

मला वाटलं होतं, संध्याकाळी घरात वादळ होणार. झालं नाही. स्वानंदी जयगडहून परत आली, जेवली, शौनकला रस्त्याचं वर्णन सांगितलं. नटाबद्दल एक अक्षर बोलली नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. ती सांगू शकली असती, आणि सगळं घर तिच्या बाजूने उभं राहिलं असतं. तिने झाकून ठेवलं. खरं सांगते, मित्रांनो, मला त्याचाही मत्सर वाटला. यातही तीच मोठी ठरली!

पण कुसुमशी ती कामापुरतंच बोलायला लागली. निळी दुरुस्तीला शहरातल्या दुकानात जायला लागली. महिना असा गेला. एकदा दुकानातून आल्यावर निळीचं मागचं मडगार्ड टायरला घासत होतं. पडवीत आणताना घर्र घर्र आवाज यायचा. कुसुम तो ऐकायची, तिची बोटं हलायची, पण ती जागची उठायची नाही. आता आपल्याला हक्क उरला नाही असं तिला वाटत असावं. दोन दिवस तिने कळ काढली. तिसऱ्या दिवशी ती दारातून म्हणाली, "मागचं मडगार्ड घासतंय. लांबच्या रस्त्याला टायर खाईल."

"माहीत आहे," स्वानंदी म्हणाली.

पुढच्या रविवारी स्वानंदीने स्वतःच गोणपाट पसरलं. निळीला उलटी केली, पाना घेतला आणि जोर करायला लागली. कुसुम मला पुसत होती. शेवटी राहवेना.

"उलटं फिरवत्येस तू. अजून घट्ट होईल."

स्वानंदी थांबली. "मग सांगा ना कसं फिरवायचं. पण हात लावायचा नाही. माझे नट यापुढे मीच आवळणार."

"नाही लावत."

कुसुम तिच्याशेजारी जाऊन बसली, दोन्ही हात मांडीत धरून. "डावीकडे. हां. थोडंच. आता चाक फिरव आणि फट बघ."

चाक फिरलं. आवाज आला नाही. स्वानंदी त्या चाकाकडे बघतच म्हणाली, "तो व्हिडिओ मी काढून टाकलाय. तसं म्हणायला नको होतं मी."

"ते आणि हे सारखं नाही," कुसुम म्हणाली. "माझं जास्त होतं."

"हो. तुमचं जास्त होतं."

आणि मग दोघी बराच वेळ फक्त ब्रेकच्या रबरांबद्दल बोलत राहिल्या.

अजून दर रविवारी त्या तशाच बसतात. कुसुमचे हात मांडीत असतात, स्वानंदीचे काळे होतात. मधून मधून स्वानंदी माझ्याकडेही वळते आणि माझ्या साखळीला नको तितकं तेल घालते. कुसुम कपाळाला हात लावते. माझ्या तारेला नवा बोल्ट बसला आहे, तो चकचकीत आहे आणि मला मुळीच शोभत नाही. माझा मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. निळीला कुणी दोन बोटांवर उचललं की अजून माझ्या आत काहीतरी चिरकतं.

पण एक शिकले, तेवढं तुम्हाला सांगते आणि थांबते. मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, रस्त्यावर कुणाचं काही सैल झालेलं तुम्हाला दिसेल. सायकलचा नट असेल, दप्तराचा बंद असेल, जिन्याचा कठडा असेल. ते माणूस तुमच्या नावडीचं असेल. त्याने तुमचं श्रेय घेतलेलं असेल, त्याचा फोटो छापून आलेला असेल, तुमचा आलेला नसेल. तरी आधी सांगा. रुसायला नंतर भरपूर वेळ असतो.